राखणीतले रविवार

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती थेट गुडघ्यांतच. मागच्या रविवारी सकाळी मी पांघरूण बाजूला केलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि पांघरूण पुन्हा वर ओढून घेतलं. थोड्या वेळानं देवळाची घंटा झाली. आम्ही नगरकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. ती घंटा मी पडल्या पडल्या अगदी व्यवस्थित ऐकली. दुपारी आमच्या पाळकांचा फोन आला. पोरगेलासा आहे बिचारा, नुकताच धर्मशिक्षण संपवून आमच्या मंडळीत आलेला. "आजी, आज दिसला नाहीत. बरं आहे ना?" मी म्हटलं, "अरे, गुडघा धरलाय." "कोणता?" त्यानं काळजीनं विचारलं. ह्या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. "दोन्ही," म्हणून मोकळी झाले.

फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. अगदीच कच्चं काम झालं होतं. सबब सांगायची तर एकच गुडघा धरायचा असतो, आणि तो डावा की उजवा हे आधी ठरवून ठेवायचं असतं. ह्या विषयात माझं शिक्षण फार मोठ्या माणसांच्या हाताखाली झालं आहे. त्यांनी हे ऐकलं असतं तर मान खाली घातली असती.

त्याच आठवड्यात माझी भाचेसून शेवगावकडून आली आणि येताना हुरड्याची कणसं घेऊन आली. गॅसवर कणीस भाजायची तिची कल्पना मला मुळीच पसंत नव्हती आणि तसं मी बोलूनही दाखवलं. पण दाणा तडतडला, कोवळ्या ज्वारीचा हिरवा, दुधाळ वास घरभर पसरला आणि मी बोलायची थांबले. तळहातावर गरम कणीस चोळत, फुंकर मारून कोंडा उडवत मी बराच वेळ बसून होते. सून म्हणाली, "आत्या, कुठं गेलात?" मी कुठं गेले होते हे एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं.

लढाईची वर्षं होती ती. लढाई लांब कुठंतरी चालली होती. आमच्या गावात ती दिसायची ती रॉकेलच्या टंचाईत, आणि पलटणीत गेलेल्या माणसांच्या घरातल्या बायकांच्या चेहऱ्यांवर. माझे वडील त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे सगळी कोरडवाहू रानं कसणारी, मजुरीला जाणारी माणसं. देऊळ म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली आणि तिला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. अंगणातल्या कडुलिंबाला आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगला होता, तीच घंटा. रविवारी बाबा स्वतः ती वाजवत, आणि इतक्या जोरात वाजवत की शेजारच्या वाडीतली कुत्रीसुद्धा उठून बसत. माणसांचं मात्र तसं नव्हतं.

विशेषतः पौषात. मार्गशीर्षात ज्वारी निसवायची, कणसं बाहेर पडायची. पौषात दाण्यात चीक भरायचा आणि मग पाखरं यायची. चिमण्या, राघू ही घरचीच म्हणायची. पण भोरड्या आल्या की सगळ्यांची पाचावर धारण बसे. काळ्या-गुलाबी रंगाची ही परमुलखातली पाखरं थव्यानं उतरायची आणि घटकेत रानाचा कोपराच्या कोपरा साफ करून जायची. म्हणून प्रत्येक रानात माळा उभा राहायचा: चार मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर कडबा. दिवस उगवल्यापासून घरातलं कोणीतरी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत ओरडत असे. कडाक्याच्या थंडीत, उसाच्या पाचटासारखं धुकं अजून रानावर पडलेलं असताना, चहूकडून "हाऽऽ हा! हाऽऽ हा!" अशी आरोळी उठायची. मला ती अजून झोपेत ऐकू येते.

उपासनाही नेमकी त्याच वेळची, सकाळची. तेव्हा राखणीच्या हंगामात देवळात म्हाताऱ्या बाया, दोन-चार कच्चीबच्ची आणि मास्तर एवढीच माणसं उरायची. बाबा मोकळ्या सतरंज्यांकडे पाहत प्रवचन करायचे. वर्षातून एकदा, ह्याच दिवसांत, ते मेजवानीचा दाखला घ्यायचे. मेजवानीला बोलावलेल्या पाहुण्यांनी एकेक सबब सांगून यायचं टाळलं, तो दाखला. गंमत अशी, की ज्यांनी तो ऐकायला हवा ती माणसं त्या वेळी माळ्यावर असायची.

दुपारी जेवताना बाबा गैरहजर माणसांची नावं घेत. रागानं नव्हे, भाकरीचे तुकडे मोडत, एकेक. "सारजाबाई नव्हती. याकोब नव्हता." आई वाढता वाढता ऐकून घ्यायची. आणि सोमवारी दिवस कलला की ती पदर खोचून निघायची, मी शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून तिच्या मागे. चुकलेल्या माणसांच्या घरी पाळकाच्या बायकोनं जाऊन चौकशी करायची, हा आमच्या मंडळीचा जुना रिवाज. हंगामात घरी कोणी सापडत नसे, म्हणून आमची फेरी रानांतून व्हायची. आई बांधावर उभी राहून वर माळ्याकडे पाहत बोलायची. सबबी आम्हाला वरून खाली मिळायच्या.

सारजाबाई ह्यात सगळ्यांच्या वरचढ. नवरा पलटणीत, पोरं लहान, रान एकटीच्या अंगावर. बांगड्यांचा हात कपाळावर धरून ती खाली पाहायची.

"सारजाबाई, काल दिसला नाहीत."

"निघालेच हुते की, बाई! धुतल्यालं लुगडं बी नेसले हुते. पर पाखरं रविवार पाळीत न्हाईत, त्याला मी काय करू?"

"खरं आहे, नाही पाळत," आई मान्य करायची.

"तरी मी हितंच गानं म्हनलं. दोन म्हनली. पाखरांनी बी ऐकली."

याकोबतात्यांचा बैल दर शनिवारी रात्री दावं तोडून जायचा. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, "तात्या, तुमच्या बैलाला शनिवार कसा कळतो हो?" आईनं मला कोपर मारलं. तात्या मात्र जराही डगमगले नाहीत. "पोरी, मेजवानीला न गेलेल्या त्या मानसानं बी बैलच सांगितले हुते का न्हाई? मग! मी काय शास्त्राभायेर बोलतो व्हय?" देवळाच्या भिंतीला भिंत लागून राहणारी एक म्हातारी तर सरळ सांगायची, की घंटा ऐकू आली न्हाई, वारं उलटं हुतं.

मी ह्या सबबींची मनातल्या मनात परीक्षा घेत असे. बैलाला बरे गुण, वाऱ्याला नापास, पाखरांना पैकीच्या पैकी. पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं तेव्हा पोरांच्या सबबी ऐकताना ही सवय कामी आली. पोटदुखीनं माझ्यासमोर कधी टिकाव धरला नाही.

आईची तऱ्हा वेगळी होती. तिनं कोणाची सबब खोटी ठरवल्याचं मला आठवत नाही. सबब ऐकायची, मान डोलवायची आणि निघायची घाई करायची नाही. बांधावर बसून पाणी मागायची. सबब सांगून झालेला माणूस जरा हलका होतो, आणि समोरचा उठत नाही म्हटल्यावर त्याला दुसरं काहीतरी बोलावंच लागतं. मग खरं बोलणं निघायचं. सारजाबाई खाली उतरायची आणि नवऱ्याची खुशाली बरेच दिवस कळली नाही म्हणून डोळे पुसायची. याकोबतात्या बैलाचं सोडून सुनेशी न पटल्याचं सांगायचे. परत येताना एकदा मी म्हटलं, "ती सगळी खोटं सांगतात आणि तू ऐकून घेतेस." आई म्हणाली, "अगं, सबब सांगतोय तोवर माणूस आपला असतो. ज्याला तोडायचंच असतं, तो सबब सांगायच्या भानगडीत पडत नाही."

घरी येऊन ती बाबांना हकिगत सांगायची. खोटं बोलायची नाही, निवडून बोलायची. "याकोबतात्या बैलामागे पार सडकेपर्यंत गेले होते, पाय सुजलेत त्यांचे." पाय सुजलेले होतेच. बाबा "हं" म्हणायचे. त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही, पण आईच्या हातून आलेली सबब त्यांनी कधी परत पाठवली नाही.

एक गोष्ट मला फार नंतर सुचली. देवळाला न येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे सोमवारी कोणीतरी जाऊन बसायचं, काय झालं म्हणून विचारायचं. आई नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली आणि नंतर पाळकाच्या घरात आलेली. ती एकाही रविवारी चुकली नव्हती. म्हणून तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

पाळकाचं बिऱ्हाड म्हणजे पाठीवरचं बिऱ्हाड. दर काही वर्षांनी मिशनकडून बदलीचा हुकूम यायचा आणि आम्ही भांडीकुंडी बैलगाडीत भरायचो. आईला मातीचं वेड. राहुरीकडे होतो तेव्हा तिनं दारात लिंबू लावलं. त्याला फुलं आली त्या वर्षी आम्ही निघालो. पुढच्या गावी शेवगा लावला, तो हातभर असतानाच निघालो. पुणतांब्याजवळ गोदावरीकाठी तर तिनं काळ्याभोर मातीत वांगी केली होती, ती पुढच्या पाळकांनी खाल्ली. ती हे हसत सांगायची. "माझं लावलेलं खाणारी माणसं जिल्हाभर पसरलीत," म्हणायची.

ह्या गावी देवळामागे ओढ्यापर्यंत मिशनची एक पडीक पट्टी होती. त्या साली पाऊस बरा झाला. आईनं याकोबतात्यांच्या मागे लागून ती नांगरून घेतली, आणि पेरणीला पाभरीमागून चालत चाड्यावर बियाण्याची मूठ तिनं स्वतः धरली. पाळकीणबाई मूठ धरते म्हणून बघायला बाया आल्या होत्या. भाद्रपद सरता सरता पेरलेली ती ज्वारी पौषात डोक्याच्या वर गेली. आई उठल्या उठल्या आधी मागचं दार उघडून तिकडे बघायची. आम्हाला वाटायचं, ती हवा बघते आहे.

अशातच एका शनिवारी बाबा मिशनच्या सभेला नगरला गेले. रविवारी सकाळच्या मोटारीनं फाट्यावर उतरले, तिथून चालत आले, ओट्यावर पाय धुतले आणि तसेच देवळात शिरले, कारण घंटेची वेळ झाली होती. प्रवचन झालं. शेवटी, आशीर्वादाच्या आधी, त्यांनी टोपी हातात घेतली आणि मंडळीला सांगितलं, की मिशननं आपली बदली जामखेडकडे केली आहे आणि पुढचा महिना लागताच निघायचं आहे.

मी बायकांच्या सतरंजीवर आईला लागून बसले होते. त्या दिवशी सारजाबाईसुद्धा होती. तिचा भाऊ राखणीला आल्यामुळे तिच्याकडे सबब उरली नव्हती. ती आईकडे वळली. "बाई, तुमी सांगितलं न्हाई." आई समोर बघत म्हणाली, "मलाही आत्ताच कळलं."

बाबा दुष्ट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. पाळक आधी मंडळीचा, मग घरचा, असं त्यांचं मत होतं. बदलीची बातमी मंडळीला पाळकाच्या तोंडून कळावी, पाळकाच्या स्वयंपाकघरातून फुटू नये, हा त्यांनी घालून घेतलेला नेम. तो त्यांनी प्रत्येक गावी पाळला होता. म्हणजे प्रत्येक गावी आईला स्वतःच्या बदलीची बातमी सतरंजीवर बसून, इतर बायकांबरोबर कळली होती. ह्यात काही चुकतं आहे असं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं.

तो आठवडा आई कमी बोलली. ट्रंका काढायच्या होत्या, त्या तिनं काढल्या नाहीत. शनिवारी तिनं याकोबतात्यांना बोलावून पट्टीत माळा बांधून घेतला. तोवर ती पत्र्याचा डबा वाजवून भागवत होती. तात्या दोरी आवळता आवळता म्हणाले, "पाळकीणबाई, उद्या रविवार हाय." आई म्हणाली, "माहीत आहे, तात्या."

रविवारी ती अंधारात उठली. बाबांचा धुतलेला कोट खुंटीला लावला, चहा केला, माझी वेणी घातली. मग कानाला फडकं बांधत म्हणाली, "मी राखणीला जाते."

"उपासनेनंतर जा," बाबा म्हणाले.

"उपासनेला नाही येत आज. पाखरं फार झालीत."

बाबांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं. आई तोवर मागच्या दारानं बाहेर पडली होती. मला भीती वाटली. पाळकाची बायकोच देवळात दिसली नाही तर मंडळी बाबांना काय म्हणेल, ही एक भीती. आणि आई परत येऊन मुकाट्यानं ट्रंका भरायला घेईल, पट्टीतली ज्वारी तशीच मागे उभी राहील, ही दुसरी. दुसरी जास्त होती.

देवळात गाण्याची चाल नेहमी आई धरायची. तिच्या जागी कोणीतरी हवं म्हणून याकोबतात्यांनी सुरुवात केली, आणि त्यांचा बैलसुद्धा चढणार नाही इतक्या वरच्या पट्टीत केली. दुसऱ्या ओळीपाशी सगळी मंडळी गप्प झाली; एकटे तात्या डोळे मिटून शेवटपर्यंत गेले. मग प्रवचन सुरू झालं. बाबांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि खिडकीबाहेर फाड्दिशी गोफण वाजली. पाठोपाठ आईचा आवाज: "हाऽऽ हा! हाऽऽ हा!" बोर्डिंगच्या गायनवर्गात कमावलेला तो खणखणीत आवाज कौलांतून आत येत होता. बाबा थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा गोफण. सारजाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. बाबा मात्र हसले नाहीत, चिडलेही नाहीत. गोफण वाजली की ते थांबायचे, पाखरं उडून जाईपर्यंत वाट पाहायचे आणि पुढचं वाक्य घ्यायचे. त्या दिवशीचं प्रवचन कधी नव्हे ते आटोपशीर झालं.

दुपारी जेवताना कोणाचंही नाव निघालं नाही. आई वाढत होती, बाबा भाकरीचे तुकडे मोडत होते. पाण्याचा तांब्या ह्या हातातून त्या हातात गेला तेवढंच.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी माळ्यावर आईशेजारी जाऊन बसले. फेरीचं नावही तिनं काढलं नाही. थोड्या वेळानं बांधावरून सारजाबाई येताना दिसली. माळ्याखाली येऊन तिनं कमरेवर हात ठेवले, चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि वर बघून म्हणाली, "पाळकीणबाई, काल देवळात दिसला न्हाईत. बरं हाय न्हवं?"

आई म्हणाली, "काय करणार, सारजाबाई! पाखरं रविवार पाळत नाहीत."

दोघी इतक्या हसल्या, की सारजाबाई खाली मातीतच बसली. मग ती उठली नाही. तिनं पाणी मागितलं, तांब्या तोंडाला लावला, आणि म्हणाली, "आता सांगा." आईनं तिला राहुरीच्या लिंबाचं सांगितलं, शेवग्याचं सांगितलं, वांग्यांचं सांगितलं. ह्या वेळी ती हसत नव्हती. सारजाबाई मधूनमधून "व्हय, बाई" म्हणत होती. मी गोफणीची दोरी उगाच गुंडाळत आणि सोडत बसले.

दिवस मावळतीला लागला तेव्हा ओढ्याकडून बाबा आले. अंगात कोट, डोक्यावर टोपी, हातात काठी, सगळं रविवारच्यासारखं. सारजाबाई लगबगीनं उठली. "बैल बगाया जाते," म्हणाली. तिच्याकडे बैल नव्हता.

बाबा माळ्याखाली उभे राहिले. अशा फेरीला ते स्वतः कधी गेले नव्हते, आणि ते दिसत होतं.

"काल आली नाहीस," ते म्हणाले.

"पाखरं फार झालीत."

तेवढ्यात थवा आलाच. आई उठून उभी राहिली, गोफण डोक्याभोवती गरगर फिरवली आणि सोडली. बाबा टोपी धरून खाली वाकले. थवा उठून ओढ्यापलीकडच्या बाभळींत गेला.

"खरं काय ते सांग," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"खरंच पाखरं फार झालीत. आणि तुम्ही मला विचारलं नाहीत." आई बोलायला लागली आणि मग थांबेचना. "कधीच नाही विचारलंत. मी कुठल्या गावी राहणार, हे मला प्रत्येक वेळी सतरंजीवर बसून कळतं. निघायचं तर निघू, मी नाही कुठे म्हणते? पण मी लावलेलं मी एकदाही खाल्लेलं नाही. ही ज्वारी मला खायची आहे."

मी आईचा हात धरला होता. बाबांनी टोपी काढली. ते कणसांपाशी गेले. मला वाटतं, त्या पट्टीत ज्वारी आहे हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एक कणीस त्यांनी हातात धरून वाकवलं.

"कधी निघेल ही?"

"शिमग्याच्या आत."

"मिशनच्या साहेबांना काय कारण सांगू?"

सबबीच्या नुसत्या नावानं कपाळाला आठी घालणारे बाबा सबब मागत उभे होते, आणि तीही गावातल्या सगळ्यात जाणत्या बाईकडे. मी वरून ओरडले, "माझी परीक्षा सांगा!"

"परीक्षा नको," आई म्हणाली. "खोकला, ताप, काही नको. ज्वारी सांगा."

"ज्वारीला कारण म्हणतील का ते?"

"नसतील म्हणत," आई म्हणाली. "म्हणून तर लोक बैल सांगतात."

बाबा नगरला जाऊन आले. आईनं पायांवर पाणी घालता घालता विचारलं, "काय सांगितलंत?" बाबा म्हणाले, "बायकोची ज्वारी उभी आहे म्हणालो. साहेब म्हणाले, आणखी काही कारण आहे का? म्हणालो, आहे. मी तिला विचारलं नव्हतं." साहेबांनी म्हणे मडमसाहेबांना बाहेर बोलावलं आणि बाबांना ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. मडमसाहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ज्वारी निघायला किती दिवस लागतात? त्यांच्याही बागा जागोजागी मागे राहिल्या होत्या. शिमगा झाल्यावर निघायचं ठरलं.

माळ्याखाली उभं राहिल्याचा आणखी एक परिणाम झाला. उन्हं तापली की पाखरं बाभळीत जाऊन बसतात आणि दिवस कलेपर्यंत हलत नाहीत, हे बाबांना आईकडून कळलं, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांनी उपासना भर दुपारी ठेवली. पुढच्याच रविवारी देऊळ भरलं. सारजाबाई बाहेर पडताना तोंड वाईट करून म्हणाली, "पाळकसाहेब, लई चांगली सबब हुती. मोडलीत तुमी." याकोबतात्यांचा बैलही त्यानंतर शनिवारी रात्री गोठ्यातच राहू लागला, निदान हंगाम संपेपर्यंत.

आता मागे पाहताना वाटतं, त्या माणसांच्या सबबींना मी नुसते गुण देत बसायला नको होतं. सारजाबाईच्या रानावर तिची पोरं वर्षभर जगायची. तिची पाखरं खरीच होती. तरी तिला त्यावर धुतलेलं लुगडं आणि दोन गाणी लावावी लागत. माझ्या पोटदुखीवाल्या पोरांच्याही पोटात काहीतरी खरं असेल. मी "कोणतं पोट?" म्हणून त्यांची टर उडवली आणि वर्गात पाठवलं. आई बांधावर बसून राहायची, ते मला कधी जमलं नाही.

पुढे आम्ही जामखेडला गेलो, तिथून आणखी दोन गावी. हुकूम यायचा आणि जावंच लागायचं, त्यात काही बदल झाला नाही. पण बाबा सभेहून आले की पायसुद्धा न धुता आधी स्वयंपाकघरात जायचे. दार लोटून घ्यायचे. मी आणि जामखेडला झालेला माझा धाकटा भाऊ बाहेर ओट्यावर बसून आतलं बोलणं ऐकायचा प्रयत्न करायचो आणि आम्हाला काही ऐकू यायचं नाही.

ती ज्वारी मात्र आईनं घरात आणली. उपटायला मंडळीच्या बाया आल्या, खळ्यावर तात्यांचा बैल फिरला, आणि वारं पडलेलं असतानाही हट्टानं उफणून आईनं दाणे पोत्यात भरले. पहिली कणसं देवळात वाहिली, ती आमच्यातली रीत. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याची घरघर ऐकत मी अंथरुणातच पडून होते. उठले तेव्हा चुलीवर तवा तापला होता आणि बाबा पाटावर बसले होते. आमच्याकडे बाबा आधी, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी आई. पहिली भाकरी फुगली, आईनं ती बाबांच्या ताटात टाकली. बाबांनी ताट उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"अहो, असं काय!" आई म्हणाली.

"तू खा."

ती चुलीपुढेच बसली होती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि तुकडा मोडला. कालवण नाही, चटणी नाही. आमच्याकडे पाठ करून ती नुसती भाकरी खात राहिली, हळूहळू, एकेक घास. मला तुकडा दिला नाही, बाबांना दिला नाही, आणि आम्ही मागितला नाही. तव्यावर दुसरी भाकरी करपायला लागली. धूर झाला तरी आई हलली नाही. तेव्हा चुलीला उभ्या जन्मात हात न लावलेले बाबा उठले, खाली बसले आणि ती भाकरी त्यांनी हातानंच उलटली. मग भाजलेलं बोट तोंडात धरून, आईचा शेवटचा घास होईपर्यंत, तिच्याशेजारी बसून राहिले.